बहुरूपी युद्धनौकेला तिचं खरं काम द्या

अवकाशयुद्धाचे पटावरचे खेळ रचणाऱ्या आणि त्यांचे सिनॅरिओ, म्हणजे एकेका डावाची मांडणी, लिहिणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

तुमच्या बहुतेक खेळांत एक जहाज हमखास असतं. बाहेरून मालवाहू, नाहीतर संशोधन नौका. आत क्रूझरला, म्हणजे मोठ्या युद्धनौकेला, शोभतील अशा तोफा, टॉर्पेडोच्या नळ्या आणि शत्रूचे संदेश टिपणारी यंत्रणा. रूलबुकात त्याची माहिती वाचताना मन हरखून जातं. सीमेपलीकडे एकटं निघालेलं जहाज, खोटी कागदपत्रं, खोटा नोंदणी क्रमांक आणि आत श्वास रोखून बसलेली माणसं. मग आम्ही पट मांडतो. दोन-तीन फेऱ्यांत ते सोंग टाकून देतं, सगळ्या तोफा एकदम डागतं, समोरची एखादी फ्रिगेट, म्हणजे छोटी युद्धनौका, निकामी करतं आणि थोड्याच वेळात स्वतः फुटतं. पॉइंट मोजले जातात, फासे डब्यात जातात. हेरगिरीचा त्यात कुठे संबंधच आलेला नसतो.

असे डाव मी खेळलो आहे आणि पंच म्हणून त्याहून अधिक चालवले आहेत. खेळाडूंना दोष द्यावा असं मला वाटत नाही. नियम ज्याचे पॉइंट देतात, खेळाडू त्याच्यामागे जातो, आणि तुमचे नियम या नौकेला फक्त उडवलेल्या जहाजांचे पॉइंट देतात.

म्हणून हे पत्र. या नौकेचं यश तिने काय बुडवलं यावरून मोजू नका. ती कोणती माहिती घेऊन परतली, आणि ती येऊन गेल्याचं शत्रूला कळलं का, यावरून मोजा. तोफा असू द्या, जड असू द्या. पण त्या डागाव्या लागल्या तर मोहीम हातची गेली, आता निदान जहाज तरी वाचवायचं, असं नियमांनीच म्हटलं पाहिजे.

मग तोफा ठेवायच्याच कशाला? याचं उत्तर २३ जानेवारी १९६८ ला मिळालं. अमेरिकेची ‘प्वेब्लो’ ही हेरनौका त्या दिवशी उत्तर कोरियाने पकडली. तिच्यावर संरक्षणासाठी दोन मशीनगन होत्या. एक खलाशी मेला, ८२ जण अकरा महिने कैदेत राहिले, आणि नष्ट करायला वेळ न मिळालेली गुप्त कागदपत्रं व सांकेतिक यंत्रं जशीच्या तशी शत्रूच्या हाती पडली. नौका आजही त्यांच्याकडेच आहे. हेरनौका पकडली जाते तेव्हा तिने गोळा केलेली माहिती तर जातेच, शिवाय तिच्या मालकाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही हेही शत्रूला कळतं. काल्पनिक विश्वातलं एखादं आरमार आपल्या हेरनौकेत क्रूझरच्या तोफा बसवतं ते या भीतीपोटी. तोफा म्हणजे तिची पळवाट. ही भीती तुमच्या नियमांत उतरली, तर तोफांचा अर्थ आपोआप बदलेल. नौका पकडली गेल्यास होणारा तोटा ती फुटल्याच्या तोट्यापेक्षा मोठा ठेवा आणि मग पाहा, खेळाडू किती वेगळे निर्णय घेतात.

आता या विषयातला माझ्या मते सर्वांत भरलेला भाग. नोव्हेंबर १९४१ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोन क्रूझरच्या कप्तानांसमोर एकच प्रश्न आला: समोरचं हे व्यापारी जहाज खरं आहे का?

१९ नोव्हेंबरला पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून दूर ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन क्रूझरला एक जहाज दिसलं. त्याने आपलं नाव ‘स्ट्राट मलाक्का’ सांगितलं, डच. प्रत्यक्षात ती जर्मनीची ‘कोरमोरान’ होती, सहा १५ सेंटिमीटरच्या तोफा लपवलेली. सिडनीकडे तशाच आकाराच्या आठ तोफा होत्या, वेग कितीतरी जास्त होता, चिलखत होतं. लांब राहून लढली असती तर कोरमोरानचा टिकाव लागणं कठीण होतं. पण चौकशी करता करता सिडनी जवळ येत गेली, जेमतेम किलोमीटरभर अंतरावर आली, आणि तेव्हा तिने गुप्त सांकेतिक अक्षरं विचारली. जर्मन कप्तान डेटमर्सकडे त्याचं उत्तर नव्हतं. त्याने आपला झेंडा चढवला आणि तोफा उघडल्या. सिडनीवरचे सर्वच्या सर्व ६४५ जण गेले. कोरमोरानलाही आग लागली, पोटात समुद्री सुरुंगांचा साठा होता, आणि तिच्याच लोकांना तिला बुडवून द्यावं लागलं. दोन्ही जहाजांचे सांगाडे सापडायला २००८ साल उजाडलं.

२२ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये ‘डेव्हनशायर’ या ब्रिटिश क्रूझरला ‘अटलांटिस’ भेटली. हीही तशीच जर्मन बहुरूपी नौका. तिने आपलं नाव ‘पॉलिफेमस’ सांगितलं. डेव्हनशायरच्या कप्तानाने काय केलं? तो अटलांटिसच्या तोफांच्या टप्प्याबाहेर थांबला, सतत दिशा बदलत राहिला आणि वरिष्ठांना रेडिओवरून विचारलं, पॉलिफेमस या भागात असू शकेल का? उत्तर येईपर्यंत वाट पाहिली. नाही, असं उत्तर आलं, आणि मग त्याने आपल्या आठ इंची तोफांनी लांबूनच काम संपवलं. अटलांटिसला एकही फटका देता आला नाही.

या दोन प्रसंगांत तुमच्यासाठी अख्खा नियमसंच तयार पडलेला आहे. निर्णायक गोष्ट तोफांची ताकद नव्हती. अंतर होतं, वेळ होता आणि प्रश्न कोणता विचारला हे होतं. गस्तीच्या खेळाडूला प्रत्येक फेरीत ठरवू द्या की जवळ जायचं की लांबून चौकशी करायची. जवळ गेलं तर पटकन आणि खात्रीने कळेल, पण समोरच्याच्या टप्प्यात जावं लागेल. लांब राहिलं तर तळाकडे विचारणा करता येईल, पण उत्तर किती फेऱ्यांनी येईल हे फासा ठरवेल, आणि तोवर ते जहाज पटाच्या कडेकडे सरकत राहील. उलट बाजूने हेरनौकेच्या खेळाडूला एकच गोष्ट सतावत राहील: आता थापेने निभेल, की आणखी एक फेरी थांबलो तर समोरचा पुन्हा टप्प्याबाहेर जाईल? डेटमर्सने जो क्षण निवडला, तो निवडणं खेळाडूच्या हातात द्या. आज तुमच्या बहुतेक नियमांत सोंग उतरवणं म्हणजे जहाजाच्या कार्डावरची एक ओळ असते, ‘पहिल्या हल्ल्याला अधिक दोन’, आणि एवढं मोठं नाट्य त्या ओळीत चिरडून जातं.

अटलांटिसबद्दल आणखी थोडं. तिने बावीस जहाजं बुडवली किंवा पकडली, पण तिची सर्वांत मोठी कमाई बहुधा ११ नोव्हेंबर १९४० ला ‘ऑटोमेडॉन’ या ब्रिटिश जहाजावर मिळाली: अतिपूर्वेतल्या ब्रिटिश संरक्षणाच्या कमकुवतपणाबद्दलची गुप्त कागदपत्रं. ती जर्मनांनी टोकियोत जपानच्या हाती दिली. जपानने पुढे अटलांटिसचा कप्तान रोगे याला सामुराई तलवार देऊन गौरवलं. एका पिशवीतल्या कागदांचं मोल कित्येक जहाजांच्या वजनाहून जास्त ठरू शकतं, आणि तुमच्या पॉइंटच्या तक्त्यात त्या पिशवीला रकाना नाही.

मोहिमांचे, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या लढायांचे नियम लिहिणाऱ्यांनी हेही पाहावं: सोंग वापरून झिजतं. अटलांटिसने मार्च १९४० मध्ये निघाल्यापासून कितीतरी रूपं बदलली. खोटी धुरांडी, कमी-जास्त उंचीचे डोलखांब, रंग, झेंडे. पण तिने ‘झमझम’ हे प्रवासी जहाज बुडवलं तेव्हा वाचवलेल्या प्रवाशांत एक वृत्तछायाचित्रकार होता, आणि त्याने काढलेला तिचा फोटो पुढे ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आला. म्हणजे वाचलेला प्रत्येक माणूस हा साक्षीदार. मोहिमेच्या खेळात दर वेळी कोण वाचलं, कुणी काय पाहिलं याची नोंद ठेवायला लावा. जीवरक्षक यानांना सोडायचं की उचलून सोबत न्यायचं, हा निर्णय मग केवळ कथेपुरता उरत नाही.

काही जण म्हणतात, हे सगळं समुद्रावर ठीक, अवकाशात लपणार कसं? खरं तर अवकाशात हे जहाज जास्त शोभतं. पोकळीत लपणं जवळपास अशक्य आहे. सुमारे ३०० केल्विन, म्हणजे माणसाला राहता येईल इतक्या तापमानाला ठेवलेला पृष्ठभाग दर चौरस मीटरला साधारण ४६० वॅट उष्णता बाहेर टाकतो, आणि मागची पार्श्वभूमी तीन केल्विनच्या आसपास. चालू इंजिनाची ज्वाला तर फारच दुरून दिसते. त्यामुळे अदृश्य होणारी जहाजं ही मला नेहमी जादूची वाटतात. बहुरूपी नौका मात्र भौतिकशास्त्राशी भांडत नाही. ती दिसतेच, सगळ्यांना दिसते, फक्त वेगळीच कुणीतरी म्हणून दिसते.

आणि याच भौतिकशास्त्रात तिचं गुपित फोडायची साधनंही आहेत. चिलखत आणि तोफा म्हणजे वस्तुमान. ज्वालेवरून जोर किती लागतोय याचा अंदाज येतो, वेगातल्या बदलावरून त्वरण मोजता येतं, आणि एकाला दुसऱ्याने भागलं की वस्तुमान हाती येतं. रिकाम्या गोदामाची कागदपत्रं दाखवणारं जहाज भरल्यासारखं जड चाललं, तर गस्तीवरच्या अधिकाऱ्याच्या भुवया उंचावल्याच पाहिजेत. तेच उष्णता-विकिरकांचं. लेझर चालवणाऱ्या जहाजाला उष्णता बाहेर टाकायला व्यापाऱ्यापेक्षा मोठे विकिरक लागतात. ते मिटून ठेवले तर तोफा तापवता येत नाहीत, उघडले तर दिसतात.

यासाठी नवं काही शोधावंही लागत नाही. १९७३ च्या ‘ट्रायप्लॅनेटरी’पासून जडत्वाने चालणारी जहाजं आणि मोजून दिलेलं इंधन पटावर आहे. १९७९ च्या ‘स्टार फ्लीट बॅटल्स’ने प्रत्येक फेरीआधी ऊर्जेचा हिशेब कागदावर लिहायला लावला, आणि मालवाहूच्या वेशातली क्यू-शिपही त्या खेळात आहे. हे दोन धागे एकत्र विणा. हेरनौकेने प्रत्येक फेरीत मालवाहूसारखंच चाललं पाहिजे, तिच्या मर्यादेतच वळलं पाहिजे, तोफांना ऊर्जा दिली तर ती लिहिली पाहिजे आणि ठरावीक अंतराच्या आतल्या सेन्सरला ती दिसलीही पाहिजे. मग सोंग हे फेरीगणिक सांभाळण्याचं काम होईल. सोंग सांभाळत खेळणं किती अवघड आहे ते पंचाच्या खुर्चीतून मी पाहिलं आहे. चांगला खेळाडूही सवयीने एकदा क्रूझरसारखा वळतो आणि समोरचा गप्प बसून ते टिपून ठेवतो. तसा क्षण मला तोफांच्या शंभर फाशांत मिळालेला नाही.

आता सगळ्यात मोठी अडचण, जी नियमांपेक्षा टेबलावर जास्त जाणवते. सिनॅरिओच्या नावातच बहुरूपी नौका असते. दोघांनाही ठाऊक असतं की चार मालवाहूंपैकी एक खोटी आहे. मग गस्तीचा खेळाडू पहिल्या फेरीपासून चारही जहाजांवर गोळ्या झाडतो, आणि त्याचं गणित बरोबर असतं, कारण खऱ्या व्यापाऱ्यांना मारल्याचं त्याला काहीच मोजावं लागत नाही.

इतिहासातही ही पायरी येऊन गेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी क्यू-नौका, म्हणजे व्यापारी जहाजाच्या वेशातल्या सशस्त्र नौका, समुद्रात आणल्या, त्या जर्मन पाणबुड्यांना वर बोलावण्यासाठी. पाणबुडी दिसली की खलाशांचा एक गट घाबरल्याचं नाटक करत होड्यांत उड्या मारायचा. बाकीचे आत तोफांपाशी निश्चल पडून राहायचे. २४ जुलै १९१५ ला ‘प्रिन्स चार्ल्स’ने अशा रीतीने यू-३६ ही पाणबुडी बुडवली. १७ फेब्रुवारी १९१७ ला गॉर्डन कॅम्पबेल या कप्तानाने तर ‘फार्नबरो’वर टॉर्पेडो मुद्दाम बसू दिला, आणि यू-८३ अगदी जवळ येऊन वर आल्यावरच तोफा उघडल्या. त्याच कॅम्पबेलच्या ‘डनरेव्हन’वर ८ ऑगस्ट १९१७ ला आग लागली, दारूगोळ्याच्या डोक्यावर बसलेले तोफची स्फोट होईपर्यंत जागचे हलले नाहीत, तरीही पाणबुडी निसटली आणि डनरेव्हन बुडाली. ही शिस्त वाचून आजही मान लवते. पण पाणबुड्यांचे कप्तानही शिकले. वर येऊन इशारा देण्यात जीव जातो हे कळल्यावर पाण्याखालूनच टॉर्पेडो सोडण्याकडे त्यांचा कल वाढला, आणि त्याची झळ खऱ्याखुऱ्या व्यापारी जहाजांना बसली. एकंदर युद्धात क्यू-नौकांनी बुडवलेल्या पाणबुड्यांपेक्षा गमावलेल्या क्यू-नौकाच जास्त होत्या.

हा सगळा ताण पटावर आणायचा तर निरपराध जहाजाला मारणं महाग करा. इतकं महाग, की एक चुकीचा मालवाहू फोडला तर डाव जवळपास गेलाच. आणि काही वेळा हेरनौका ताफ्यात असूच नये. सुरुवातीला एक पत्ता उलटा ठेवा, त्यावरून ती कुठल्या जहाजात आहे किंवा कुठेच नाही ते ठरू द्या. संशय घेऊन चुकण्याची शक्यता खरी असेल तरच संशयाला किंमत येते.

खोटा झेंडा दाखवून फिरणं ही युद्धातली मान्य चाल होती, पण गोळी झाडण्याआधी खरा झेंडा चढवावा लागे. डेटमर्सनेही तो चढवला. तुमच्या काल्पनिक साम्राज्यांना हा संकेत आहे की नाही ते लिहून टाका. असेल, तर सोंग उतरवणं आणि तोफ डागणं यांत समोरच्याला निदान एक प्रतिक्रिया मिळेल. ज्या साम्राज्याला हा संकेत मान्य नाही, त्याच्याशी तटस्थ देश कसे वागतील हेही ओघाने ठरेल.

लपवलेली माहिती आली की प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो, आणि इथे मी थोडा हट्टी आहे. ‘हे जहाज हेरनौका होतं’ असं खेळाडूने मधेच सांगून चालणार नाही. डावाआधी लिहून, पाकिटात बंद करून टेबलावर ठेवलेलं हवं. प्रत्येक फेरीचा ऊर्जेचा हिशेब शेवटी दोघांनी मिळून तपासायला हवा. तिसरा माणूस असेल तर उत्तमच. १८२४ च्या प्रशियन क्रीगस्पील या लष्करी युद्धखेळात पंच होता, आणि ज्याला जे दिसेल तेवढंच तो नकाशावर मांडायचा. दोनशे वर्षांनीही त्याहून चांगली पद्धत मला दिसलेली नाही. डिजिटल आवृत्त्यांत हे काम संगणक सहज करेल, फक्त संगणकाकडून खेळणाऱ्या गस्तीला पाकिटातलं दिसता कामा नये. कित्येक ठिकाणी ते दिसत असावं अशी शंका खेळताना येते, आणि एकदा ती आली की पुढे खेळावंसं वाटत नाही.

पॉइंटच्या किमतीबद्दल फार लिहीत नाही. सोंग टिकलेलं असताना नौका महाग आणि उघडी पडल्यावर स्वस्त, कारण तिचा सांगाडा शेवटी मालवाहूचाच. २७ सप्टेंबर १९४२ ला ‘स्टीफन हॉपकिन्स’ या साध्या लिबर्टी (अमेरिकी मालवाहू) जहाजाने आपल्या एका चार इंची तोफेच्या जोरावर जर्मन बहुरूपी नौका ‘श्टिअर’ला इतकं घायाळ केलं की तीही बुडाली आणि हीही. तेव्हा क्रूझरच्या तोफा दिल्या म्हणून क्रूझरचं चिलखत आणि शिल्ड, म्हणजे ऊर्जेची ढाल, देऊ नका. तुमच्यापैकी अनेकांनी दिलं आहे, आणि त्यानेच खेळाडूला वाटायला लागतं की आपण उघड लढून जिंकू.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या आवृत्तीत किंवा पुरवणीत एक सिनॅरिओ छापा. चार मालवाहू, एक उलटा पत्ता, गस्तीला एक क्रूझर आणि तळाशी संपर्क. शत्रूच्या तळाजवळून जाताना हेरनौका जितक्या फेऱ्या ऐकत राहील तितके पॉइंट, आणि ते पटाच्या पलीकडे पोहोचल्यावरच मिळतील. तोफ डागली की निम्मे गेले. पकडली गेली तर सगळे गेले आणि वर दंड. खरा मालवाहू फोडला तर गस्तीला तसाच दंड. आकडे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले बसवाल. चाचणीसाठी खेळाडू लागतील तर आमचा गट तयार आहे; पंच म्हणून मी बसेन आणि दोन्ही बाजूंची पाकिटं व फेरीवार नोंदी न बदलता तुमच्याकडे पाठवीन.

आपला,
या खेळांचा एक जुना खेळाडू आणि पंच